चाचण्या चालवताना लॅपटॉप अडतो, तर नवा घ्यावा का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम व हार्ड डिस्क आहे. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळे तपासणारे साधन) चाचण्या चालवताना तो जवळजवळ थांबतो. नवा घ्यावा का?
– एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर : घरच्यांवर एवढा खर्च टाकण्याची घाई करू नये. आधी आपला कोड तपासावा. सेलेनियममध्ये ‘क्लोज’ ही आज्ञा केवळ चालू खिडकी बंद करते, तर ‘क्विट’ संपूर्ण सत्र संपवते. त्यामुळे ‘क्विट’ राहून गेल्यास ब्राउझर हाताळणाऱ्या ड्रायव्हरच्या प्रक्रिया मागे उरून रॅम अडवून ठेवतात, आणि ही चूक विद्यार्थ्यांकडून फार सहज होते. रॅम भरली, की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यातील माहिती डिस्कवर हलवू लागते, आणि हार्ड डिस्कच्या फिरत्या चकतीवर प्रत्येक वेळी जागा शोधावी लागत असल्याने सगळेच काम रेंगाळते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ दिसत असेल, तर माझ्या मते पहिला खर्च एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर) करावा. रॅम त्यानंतर वाढवावी. मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगवेगळ्या असून एकाच्या जागी दुसरी बसत नाही, शिवाय काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी मॉडेलची माहिती अवश्य पाहावी.