एवढे लाडके कलाकार, मग हसू का आलं नाही?

वाचकांचे प्रश्न, नाटकवाल्या मावशीची उत्तरं

प्रश्न : मावशी, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतले आमचे सगळे आवडते कलाकार एकाच सिनेमात आलेत म्हणून आम्ही घरचे सगळे औशाहून लातूरला गेलो. वाड्याच्या वाटणीवरून भावाभावांत जुंपते, अशी गोष्ट. आई सुरुवातीला थोडी हसली, मध्यंतरानंतर झोपली. हेच लोक टीव्हीवर नुसते आले तरी आम्हाला हसू फुटतं. यांना सिनेमा जमत नाही का?
— एक वाचक, औसा

उत्तर : आई झोपल्या, यापेक्षा नेमकं परीक्षण मला जमणार नाही. पण कलाकारांना बोल लावू नका. त्यांतल्या बऱ्याच जणांनी रंगमंचावर उमेदीची वर्षं घालवलीत.

धाकटा भाऊ मुंबईहून येतो ती जागा आठवा. बॅग घेऊन दारात उभा राहतो आणि उभाच राहतो. काय बघतोय? काही नाही. टाळ्यांसाठी थांबलाय. टीव्हीवर तो आला की समोरचे लोक शिट्ट्या मारतात, परीक्षक खुर्चीत मागं रेलून हसतात, कॅमेरा ते हसणारे चेहरे दाखवतो आणि जेवता जेवता आपणही त्यांत सामील होतो. थिएटरात त्या जागी एसीची घरघर ऐकू आली. माझ्या मागच्या रांगेतलं पोरगं तर म्हणालं, "पिच्चर अटकला काय की."

समोरचं हसू ओसरेपर्यंत पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवायचं, हे स्टेजवरच्या नटाच्या अंगात मुरलेलं असतं. सिनेमात ते धरणं-सोडणं त्याच्या हातात राहत नाही. त्याचं वाक्य सकाळी चित्रित होतं, समोरच्याचं उत्तर दुपारी, कधी कधी समोरचा हजरही नसतो. दोन वाक्यांमधली जागा पुढं कधीतरी संकलनाच्या टेबलावर ठरते. मार्क्स बंधू या अमेरिकेतल्या विनोदी नटांच्या १९३५ सालच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'मधले प्रसंग चित्रीकरणाआधी नाटकासारखे गावोगावच्या रंगमंचावर करून बघितले होते. लोक कुठं हसतात, किती वेळ हसतात हे मोजलं आणि मग संवादांत तेवढी जागा सोडली. आपल्याकडं एवढी उठाठेव कोण करणार? कलाकारांच्या तारखा आधी मिळतात, संहिता मागून येते.

प्रश्न : दोन-अडीच तास विनोद टिकणारच कसा? स्किट करणाऱ्यांनी सिनेमाच्या वाटेला जावंच का?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, परभणीत बसून तुम्ही हे विचारता? लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकटे करायचे. तीन तास, बावन्न पात्रं, आणि बोली आपली. तेव्हाच्या औरंगाबादेत विद्यापीठात नाटक शिकवणारा हा माणूस आणि समोर खच्चून भरलेलं मैदान. विनोद तीन तास टिकायचा, कारण त्या वऱ्हाडाला लंडन गाठायचं होतं. विमानात बसायचं, गोऱ्यांच्या देशात उतरायचं, लग्न लावायचं. हसवणारं सगळं त्या धडपडीतून यायचं.

आता आपल्या सिनेमातला वाडा घ्या. मोठ्याचा पुण्यात फ्लॅट आहे. धाकटा मुंबईत सुखात आहे. बहीण तर पहिल्याच प्रसंगात सांगते की तिला काही नको. मग भांडतायत कशासाठी? प्रत्येकाला आपापला गाजलेला नमुना करून दाखवता यावा म्हणून. एक तोतरं बोलतो, एक साडी नेसतो, एकीचा ठसक्यातला रडण्याचा आवाज. दहा मिनिटांच्या स्किटमध्ये हे चालतं, कारण कंटाळा यायच्या आत पडदा पडतो. इथं साडी तिसऱ्यांदा नेसली तेव्हा मी पदर नीट बसलाय का ते बघत होते. बरा बसला होता.

त्यामुळं स्किटवाल्यांनी सिनेमात जरूर जावं. जाताना नमुना घरी ठेवावा आणि लेखकाकडं माणूस मागावा.

प्रश्न : त्यातला गडी मराठवाड्यातला म्हणे, आणि बोलतो साताऱ्याकडचं. मला फार राग आला.
— कॉलेजातली एक मुलगी, नांदेड

उत्तर : मलाही आला गं. पण बोलीपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा जास्त. त्या गड्याला पूर्ण सिनेमात बावळटपणा सोडून कामच नाही. दुष्काळातून वाट काढणारा माणूस किती तिरकस बोलतो, हे एखाद्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सकाळभर बसलं असतं तर लिहिणाऱ्याला कळलं असतं. मकरंद अनासपुरे हीच बोली घेऊन नायकाच्या भूमिकेत उभे राहिले, त्याला वीसेक वर्षं झाली. तरी मुंबईला अजून आपला माणूस चहाच आणून देताना दिसतो.

प्रश्न : मराठी सिनेमा मराठी माणसानंच बघायचा नाही तर कुणी, असं मित्र म्हणतो. आम्ही नावं ठेवली म्हणून तो रुसलाय.
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : तिकीट काढलंत ना? मग झालं. हसायची सक्ती तिकिटावर छापलेली नसते. मित्राला चहा पाजा.

प्रश्न : आमच्या गावात थिएटर नाही. टीव्हीवर लागेल तेव्हा बघू का?
— एक गृहिणी, औंढा नागनाथ

उत्तर : बघा ताई, पण त्यासाठी भाकरी टाकायच्या राहू देऊ नका. स्वयंपाकघरातून ऐकलात तरी पुरेल. फक्त दुसऱ्या भागात बँकेतला प्रसंग येतो, तेव्हा तवा उतरवून बाहेर या. मोठ्या भावाला आईचे दागिने गहाण ठेवायचेत आणि ते बहिणीला कळू द्यायचं नाहीये. नेमकी तीच रांगेत त्याच्या मागं उभी. तो पिशवी या काखेतून त्या काखेत नेतो आणि तिला उन्हाचं विचारतो, पावसाचं विचारतो, शेवटी तिच्या सासूच्या गुडघ्यांचं विचारतो. साडी नाही, तोतरेपणा नाही. त्या प्रसंगाला सगळं थिएटर हसलं. तिथं टाळ्यांसाठी कुणी थांबलंही नव्हतं, त्यामुळं बहिणीचं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. तुम्हाला ऐकू आलं तर मला कळवा.