तीन देवराया, तीन काजूबागा आणि अडकलेला पी

प्रश्न: सर, मी एमेस्सी करतेय. प्रोजेक्टसाठी तीन देवराया आणि तीन काजूबागांमधले पक्षी मोजले, प्रत्येक ठिकाणी दहा फेऱ्या. शॅनन इंडेक्स (विविधतेचा आकडा) दोन्हीकडे जवळपास सारखाच आला, मग पर्मानोव्हा (गटांमधला फरक तपासणारी चाचणी) केला तर पी, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा असण्याची शक्यता मोजणारा आकडा, ०.१; हवा तर ०.०५ च्या खाली. डोळ्यांना तर ढळढळीत फरक दिसतो! गाईड म्हणतात प्रत्येक फेरीची वेगळी ओळ धर, पी आपोआप खाली येईल. करू का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: नको करूस. आधी शॅननचं बघू. त्याला पक्ष्यांची नावं कळतच नाहीत, फक्त आकडे कळतात. समज देवराईत बुलबुल १०, हरियाल ६, धनेश ४ आणि बागेत बुलबुल १०, कोतवाल ६, शिंपी ४, तर शॅनन दोन्हीकडे तंतोतंत तोच, धनेश गेला काय नि शिंपी आला काय, त्याला सोयरसुतक नाही. ब्रे-कर्टिस हा दोन जागांमधलं अंतर मोजणारा निर्देशांक मात्र सामाईक कोण ते बघतो (ब्रे आणि कर्टिस यांचं १९५७ चं काम विस्कॉन्सिनच्या जंगलांवरचं). इथे सामाईक फक्त १० बुलबुल, त्याची दुप्पट २०, भागिले एकूण पक्षी ४०, म्हणजे साम्य ०.५ आणि फरक, म्हणजेच अंतर, तेही ०.५.

पर्मानोव्हा हीच अंतरं घेतो आणि जागांवरची लेबलं उलटसुलट करून बघतो की एवढा फरक नुसत्या योगायोगाने कितीदा पडतो. तुझ्या जागा सहा. तीन-तीनचे गट २० प्रकारे पडतात, त्यातही अर्धे म्हणजे तेच गट उलटे, म्हणून वेगळे असे १०च. तुझी खरी वाटणी दहात पहिली, म्हणजे सगळ्यात जास्त फरकाची आली तरी पी दहात एक, म्हणजे ०.१ च्या खाली जाणारच नाही! म्हणजे तुला पैकीच्या पैकी मिळालेत गं, पेपरच दहा मार्कांचा होता.

आणि ६० ओळी केल्यास तर पी मस्त पडेल, पण एका देवराईत दहादा गेलीस म्हणून दहा देवराया होत नाहीत, काल दिसलेला धनेश आज परत तोच असेल. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट या परिसंस्था-अभ्यासकाने १९८४ मध्येच यावर झोडपून काढलंय सगळ्यांना. फेऱ्यांची बेरीज करून जागेला एकच ओळ ठेव.

जमलं तर त्याच सीझनमध्ये दोन्हीकडे दोन-दोन जागा वाढव. पाच-पाचला १२६ वाटण्या होतात, पी ०.००८ पर्यंत उतरू शकतो. संख्या दोन्हीकडे सारखीच ठेव, कारण एक गट जास्त विखुरलेला असला तरी पर्मानोव्हा फसतो, गट लहानमोठे असले की जास्तच. त्यासाठी आर सॉफ्टवेअरच्या व्हेगन पॅकेजमधलं बीटाडिस्पर, म्हणजे गट किती विखुरलेत ते तपासणारं फंक्शन, चालवून बघ (व्हेगन म्हणजे व्हेजिटेशन अ‍ॅनालिसिस, मटण खाणाऱ्यांनाही चालतं).

वेळ नसेलच तर ०.१ तसाच लिही, सोबत अंतरांचा तक्ता दे, आणि व्हायवात कोणी भुवई उंचावली तर ते १० वाटण्यांचं गणित फळ्यावर करून दाखव.