उसाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण खरंच बनतात का? घरी करून विकता येतील का?

बनतात, मी स्वतः केलेत. नॅनोकण म्हणजे मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण. पण "पाल्यातून चांदी काढायची" असं काही मनात असेल तर ते आधी डोक्यातून काढा, पाल्यात चांदी नसते. चांदी आपणच घालायची, सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा पाण्यात विरघळणारा क्षार विकत आणून. पाल्यातले पॉलिफेनॉल (वनस्पतींत असणारी रसायनं), साखरा असले पदार्थ चांदीच्या आयनला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला, इलेक्ट्रॉन देतात, त्याची धातूची चांदी होते, आणि त्याच अर्कातले काही रेणू कणांना बाहेरून लपेटून बसतात म्हणून कण एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. एरवी या कामाला बरेचदा सोडियम बोरोहायड्राइडसारखी कडक रसायनं वापरतात, ती पाल्यामुळं वाचतात.

मी निपाणीकडचा, एमएस्सीचा प्रोजेक्ट बेळगावात केला. आमच्याकडं ऊस गेला की फडातला पाला पेटवतात, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडते आणि आई धुतलेलं परत धुवायला घेते, त्यामुळं सरांनी कुठली वनस्पती घेणार विचारल्यावर माझ्या तोंडून पालाच आला.

पहिल्यांदा पार फसलं. पाला धुवून सावलीत वाळवला, मिक्सरला फिरवला, 10 ग्रॅम भुकटी 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळून फिल्टर पेपरनं गाळली, फिक्कट पिवळा अर्क आला, इथवर सगळं बरोबर. नेमकं डिस्टिल्ड वॉटर तेवढ्यातच संपलं आणि मी घाईनं सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात विरघळवलं. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरट झालं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, चांदी त्याच्याशीच जुळून सिल्व्हर क्लोराइड झाली, झालं, सगळं वाया. म्हणून सांगतो, भांडीसुद्धा शेवटी डिस्टिल्ड वॉटरनंच विसळा.

दुसऱ्यांदा नीट केलं. 1 मिलीमोलर द्रावण, म्हणजे लिटरला साधारण 0.17 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, त्याचे 90 मिली आणि अर्क 10 मिली. फ्लास्क खिडकीत ठेवला, उन्हानं काम लवकर होतं. आधी पिवळं, मग मधासारखं, मग तपकिरी. लॅबमधले मामा मागून कन्नडमध्ये म्हणाले "बण्ण बंतु नोड्री", रंग आला बघा. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही.

पण रंग आला म्हणजे कण झालेच असं धरू नका, नुसता अर्कसुद्धा हवेत ठेवला तर काळपट होतो. म्हणून शेजारी चांदी न घातलेला अर्क ठेवायचाच, आणि यूव्ही व्हिजिबलवर, म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान आलेखात शिखर येतंय का बघायचं. कणांचा आकार टीईएमशिवाय, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय, खात्रीनं कळत नाही.

आता विकायचं. वरच्या द्रावणात लिटरला चांदी जेमतेम 0.1 ग्रॅम, पाला फुकट असला तरी खर्च चांदीचा आणि तपासणीचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे उसाची जात बदलली, हंगाम बदलला की अर्क बदलतो आणि कणांचा आकारही. घेणाऱ्याला दरवेळी तोच माल लागतो, आणि तो देणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड, यावर कुणी जीव लावून काम करावं असं मला मनापासून वाटतं. उपयोग खरे आहेत, चांदी जिवाणू मारते म्हणून जखमेच्या पट्ट्यांत, पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात. पण म्हणूनच शेतात फवारू नका, ती मातीतल्या चांगल्या जिवाणूंनाही सोडत नाही. पिकासाठीच करायचं असेल तर झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांकडं बघा, झिंक म्हणजे जस्त, ते पिकाला लागतंच.

आणि घरी नको, कॉलेजच्या लॅबमध्येच करा. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की काळे डाग पडतात, डोळ्यात गेलं तर इजा होते, हातमोजे आणि चष्मा घालाच. असलं पाणी औषध म्हणून प्यायचं तर नावच काढू नका, चांदी अंगात साठून कातडी कायमची निळसर करडी पडते. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा, वर चिठ्ठी लावा आणि लॅबवाल्यांकडं द्या.