हिरा डावीकडे आला, म्हणजे औषध लागू पडलं?

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॉरेस्ट प्लॉटमध्ये (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या आलेखात) खालचा हिरा, म्हणजे सगळ्यांचा एकत्रित निकाल, मधल्या रेषेच्या डावीकडे असला की उपचार गुणकारी, असं वर्गात सांगितलं. एवढ्यावर निष्कर्ष काढावा का?

उत्तर : नको. हिरा शेवटी बघा, आधी वरच्या ओळी वाचा. दर ओळीत एक चाचणी असते. चौकोन जितका मोठा, तितकं तिचं वजन जास्त. आडवी रेघ म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरा परिणाम साधारण कोणत्या मर्यादेत असावा याचा अंदाज. ती मधल्या रेषेला छेदत असेल तर एकट्या त्या चाचणीवरून फरक ठरत नाही. मधली रेषा म्हणजे 'दोन गटांत फरक नाही'; ती गुणोत्तरासाठी १ वर आणि वजाबाकीसाठी ० वर असते. डावीकडे फायदा हे मृत्यूसारख्या नकोशा घटनेपुरतंच खरं. 'बरे झालेले रुग्ण' मोजले असतील तर बाजू उलटते, आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते.

आता हिरा कसा फसवतो ते बघा. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याच्या सात छोट्या चाचण्या १९९१ साली एकत्र केल्या गेल्या. मॅग्नेशियम मिळालेल्या ६५७ पैकी २५ रुग्ण दगावले, न मिळालेल्या ६४४ पैकी ५३. हिरा चांगला डावीकडे! पण सगळा डोलारा अवघ्या ७८ मृत्यूंवर उभा होता. १९९५ मध्ये आयसिस-४ चाचणीचा निकाल आला : ५८,०५० रुग्ण, मॅग्नेशियमच्या गटात ७.६४ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ७.२४. औषध उशिरा दिलं, असा आक्षेप निघाला. म्हणून आणखी एका चाचणीत ६,२१३ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला ते लवकर देऊन पाहिलं. २००२ मध्ये आलेला तो निकालही तसाच.

असं का होतं? छोट्या चाचणीचा निकाल विरुद्ध गेला की ती अनेकदा छापलीच जात नाही. फनेल प्लॉट (प्रत्येक चाचणीचा निकाल तिच्या आकारासमोर मांडणारा आलेख) एका बाजूला रिकामा दिसला तर हा संशय घ्यावा, पण चाचण्या दहापेक्षा कमी असतील तर त्या आलेखावर विसंबू नका. शोध किती डेटाबेसमध्ये घेतला, निवड दोघांनी स्वतंत्रपणे केली का, प्रोटोकॉल (कामाचा आराखडा) आधीच प्रॉस्पेरोवर, म्हणजे अशा आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवला होता का, हे आढाव्याच्या 'पद्धती' विभागात सापडतं.

आणि मॉडेल, म्हणजे निकाल एकत्र करण्याची गणिती पद्धत, तपासा. रँडम इफेक्ट्समध्ये (खरा परिणाम चाचणीगणिक वेगळा असू शकतो असं धरणाऱ्या मॉडेलमध्ये) छोट्या चाचण्यांना तुलनेनं जास्त वजन मिळतं. मॅग्नेशियमच्या बाबतीत आयसिस-४ धरूनही त्या मॉडेलचा हिरा डावीकडेच राहतो, फिक्स्ड इफेक्टचा (सगळीकडे परिणाम एकच असं धरणाऱ्या मॉडेलचा) मात्र १ वर येऊन बसतो. दोन मॉडेलांत एवढी तफावत दिसली, तर सर्वांत मोठी चाचणी शोधून स्वतंत्र वाचा.