भाऊंना आधी कचेरीत बसव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा वाचून झाला. सदाशिवरावभाऊंवर लिहायला घेतलंस, हे उत्तम. भाषेला ओघ आहे, आणि विषयाची ओढ पानापानांत दिसते. पण पहिल्या पानावर पानिपत, शेवटच्या पानावर पानिपत आणि मधे पानिपताच्या वाटेवरचा माणूस, असं झालंय. 14 जानेवारी 1761 ला भाऊ अवघे तीस वर्षांचे होते. त्यातला एक दिवस तू जीव ओतून लिहिलास. उरलेला माणूस राहूनच गेला.

बालपणात फार रेंगाळू नकोस. ऑगस्ट 1730 मधला जन्म. महिनाभरातच आई रखमाबाई गेल्या आणि दहाव्या वर्षी वडील चिमाजीअप्पा. आजी राधाबाई आणि काकू काशीबाई यांनी सांभाळ केला. घर माणसांनी गच्च भरलेलं होतं, तेव्हा 'पोरका बाळ' हा सूर लावलास की वाचक तिथेच हळहळतो आणि पुढचं नीट बघत नाही.

बघायचं काय, तर त्या घरातली त्यांची जागा. पेशवाई थोरल्या चुलतभावाकडे, म्हणजे नानासाहेबांकडे. रघुनाथराव भाऊंपेक्षा चार वर्षांनी लहान, पण पेशव्यांचे सख्खे भाऊ. उद्या गादीवर नानासाहेबांचे मुलगे बसणार, हेही ठरलेलं. भाऊ अप्पांचे चिरंजीव म्हणून मान होता, पण वारशाने हाती येण्यासारखं काही नव्हतं. तू त्यांना जागोजागी 'सेनापती' म्हणतेस, ते आधी काढ. सेनापतिपद छत्रपतींनी द्यायचं, आणि ते दाभाड्यांच्या घराण्यात होतं. भाऊंकडे ते कधीच नव्हतं. त्यांचा अधिकार आला दिवाणगिरीतून, आणि ती त्यांनी जवळजवळ भांडून घेतली.

ते भांडण तुझ्या मसुद्यात एका ओळीत उरकलंय. मला विचारशील तर पुस्तकाचा कणा तोच. 1750 मध्ये यमाजी शिवदेवाने सांगोल्याला बंड केलं. विशीतले भाऊ साताऱ्याच्या छत्रपती रामराजांना बरोबर घेऊन गेले, ठाणं मोकळं केलं आणि तिथेच छत्रपतींकडून असा करार करून घेतला की राज्याचा कारभार कायमचा पेशव्यांच्या हाती आला. डोकं बरंचसं रामचंद्रबाबा सुखटणकरांचं, पण अंमल भाऊंचा. परत आल्यावर त्यांनी कारभारात वाटा मागितला. दिवाण होते महादोबा पुरंदरे, पेशव्यांच्या घरोब्यातले, ज्यांच्या सोबतीने भाऊंनी पहिली कर्नाटकची मोहीम केली तेच. त्यांना दूर करायला नानासाहेबांचं मन होईना. तेवढ्यात करवीर म्हणजे कोल्हापूरच्या दरबाराकडून भाऊंना पेशवेपदाचं बोलावणं आलं, आणि भाऊ जायला तयार झाले. एका घरात दोन पेशवे! शेवटी महादोबांनी आपणहून जागा सोडली आणि घर सावरलं.

या प्रसंगात त्यांना चांगलं की वाईट ठरवायला जाऊ नकोस. त्यांचा हट्ट दिसू दे, आणि नानासाहेबांची अडचणही दिसू दे. राज्यकर्त्या घरातल्या कर्तबगार माणसाला घरातच किती झगडावं लागतं, ते इथे उघडं पडतं.

दिवाण झाल्यावर दहा वर्षं भाऊंनी काय केलं? मुख्यतः हिशेब पाहिले. तुला हे रुक्ष वाटलं असणार, म्हणून तू त्यावरून उडी मारलीस. पण कमाविसदारांकडून, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, वसूल किती यायचा, आला किती, बाकी कुणाकडे तुंबली, ही चौकशी त्यांनी ज्या कडकपणे केली तिच्यामुळेच ते दरबारात धाक बनले आणि अनेकांना नकोसेही झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन बस. पेशवे दप्तराचे रुमाल सोडवून घे. मोडी येत नसेल तर शीक, तेवढी निकड आहे. तोपर्यंत इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये छापलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड उशाशी ठेव. 1750 ते 1761 मधली पत्रं त्यात आहेत.

आता फौज. इब्राहिमखान गारद्याची पलटण आणि तोफखाना यांवर तुझा एक परिच्छेद आहे, त्यात 'आधुनिक युद्धतंत्राची दूरदृष्टी' असले शब्द आलेत. ते खोड. आपला घोडेस्वार जगे सरंजामावर, म्हणजे नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर, आणि लुटीवर; गारदी, म्हणजे कवायती पायदळाचा शिपाई, जगे महिन्याच्या पगारावर. किती माणसं, किती पगार, कधी द्यायचा, सगळं कागदावर. हिशेबी दिवाणाला अशी फौज भावली यात नवल नाही. 1759 मध्ये मुजफ्फरखान गारद्याच्या कटातून भाऊंवर खुनी हल्ला झाला, तरी गारद्यांवरचा भरवसा ढळला नाही. पुढच्याच 3 फेब्रुवारीला उदगीरला निजाम त्याच तोफांपुढे नमला, आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख दौलताबाद-अशीरगडासकट पदरात पडला. उदगीर दोन परिच्छेदांत आटप. विजय लिहायला सोपे असतात.

उत्तरेत कोण जाणार, हा पडदूरच्या मसलतीतला प्रश्नही पैशाचाच. रघुनाथरावांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या होत्या, पण मोहिमेतून खजिना भरायच्या ऐवजी लाखोंचं कर्ज घरी आलं आणि दिवाणाने त्यावर बोट ठेवलं. दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या अफगाणांशी लढताना पडल्याची बातमी आली होती. मार्चमध्ये निघाले ते भाऊ, आणि नावाचे मुख्य म्हणून बरोबर नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. हुकूम तिशीच्या काकाचा, मान अठरा वर्षांच्या पुतण्याचा. हे नातं तुझ्या मसुद्यात कोरडं राहिलंय.

पुढे पुण्याहून पैसा पुरेसा येईना. उत्तरेतून वसूल करून भागवायचं, असा बेत होता. म्हणून तिथले पेशव्यांचे वसुली अधिकारी गोविंदपंत बुंदेले यांच्या मागे पत्रामागून पत्र: पैसा पाठवा, नावा जमवा, रसद तोडा. ही पत्रं सलग वाच. माणसाचा आवाज कसा चढत जातो ते ऐकू येईल. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी. मग दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, 9 लाखांच्या आसपास. जाटांचा राजा सूरजमल रागावून गेला त्या तक्रारींत हेही एक होतं. तू इथे भाऊंच्या 'उर्मटपणा'वर पानभर लिहिलंस. उर्मट असतीलही, पण रोज एवढ्या तोंडांना घास घालायचा असलेल्या माणसाकडे तेव्हा दुसरं काय होतं, हा प्रश्न त्या पानावर एकदा तरी यायला हवा.

मल्हाररावांचा सल्ला भाऊंनी कसा धुडकावला, कोण कुणाला काय बोललं, हे संवाद तू बखरीतून उचललेत. बखर जरूर वाच. मराठी गद्याची इतकी चव दुसरीकडे क्वचित मिळेल. पण ती घटनेनंतर लिहिलेली, आणि सांगणाऱ्याला आपला एक गुन्हेगार हवा असतो. तारखेसाठी आणि तोंडच्या शब्दांसाठी तिच्यावर विसंबू नकोस.

एक प्रसंग मात्र अजिबात गाळू नकोस. अब्दालीच्या बाजूच्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवलीय. तो सांगतो, त्या सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे आला आणि म्हणाला, माझ्या लोकांचा पगार मी वेळेवर मागतो म्हणून आपली माझ्यावर नाराजी होती. या महिन्यात खजिना लुटला गेला, पगार मिळालाच नाही. ते राहू द्या, आज आम्ही आमचं काम करून दाखवतो. दिल्लीहून येणारी रक्कम वाट चुकून अफगाणांच्या हाती पडली होती, हे त्याच्या मागेच लिही. दहा वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसापुढे पहाटेच्या थंडीत, उपाशी छावणीत, शेवटचा हिशेब आला तो असा. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, ते तू चांगलं लिहिलंयस. त्याला हात लावू नकोस, फक्त विशेषणं निम्मी कर.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आणि भाऊंचा तोतया यांचं वेगळं प्रकरण कर. बाईंनी वैधव्य मानलं नाही. 1776 मध्ये सुखनिधान नावाचा माणूस भाऊ म्हणून उभा राहिला तर कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. लोकांना भाऊ परत हवे होते, की पुण्याच्या कारभाऱ्यांचा राग काढायला एक नाव हवं होतं? मला दुसरं जास्त खरं वाटतं. तू कागद बघून तुझं मत कर.

सांगोल्याचं प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचं नंतर. आणि या वेळी पानांना क्रमांक घाल.

तुझा,
काका