ॲपमध्ये एररचा तपशील फाइल जोडून घ्यावा की मजकूर थेट पेस्ट करू द्यावा?

तुम्ही तक्रार नोंदवण्याचं ॲप बनवताय आणि विचारताय की एररचा मजकूर चौकटीत पेस्ट करून घ्यावा की फाइल जोडायला लावावी. पेस्ट! जो मजकूर वाचायचा, शोधायचा आणि ज्यावर चर्चा करायची, तो फाइलमध्ये कोंडू नका.

मी काही वर्षं सपोर्टला होतो. आमच्या लीडचा नियम असा: तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, दोन ओळींचा सारांश, बाकी सगळं वर्डच्या फाइलमध्ये, तेही स्क्रीनशॉट घालून. का, तर तिकीट नीटनेटकं दिसतं. एकदा महिनाअखेरीला पगाराची बॅच अडकली. डेटाबेसमधला डेडलॉक होता, म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट पाहत अडून बसलेली; एरर कोड समोर दिसत होता. तो कोड तिकिटांच्या सर्चमध्ये टाकला, काहीच सापडलं नाही. मग लॉग, म्हणजे सिस्टिमच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचत, डेटाबेसला विचारलेली एकेक क्वेरी तपासत पहाट झाली. सकाळच्या शिफ्टची सहकारी आली आणि म्हणाली, "अरे, हे मी मागेच सोडवलंय. तिकिटाला फाइल जोडली आहे की." फाइल उघडली तर उपाय पायरी-पायरीने लिहिलेला, एरर कोड मात्र स्क्रीनशॉटमध्ये. आमचा सर्च जोडलेल्या फाइलींच्या आत जातच नव्हता, आणि गेला असता तरी चित्रातली अक्षरं त्याला वाचता आली नसती. तिने इतकं मन लावून लिहिलेलं ऐन वेळी वाया गेलं, याचा मला अजून राग येतो.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं. लीड म्हणाले, "फाइलींना नीट नावं देत जा." पण अडलेल्या माणसाला फाइलचं नाव कुठून माहीत असणार? त्याच्यापुढे फक्त एरर असते. मी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, दाखला दिला: तिथे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलच्या मजकुरातच, साध्या टेक्स्टमध्ये पाठवायला सांगतात, म्हणजे तपासणाऱ्याला नेमकी ओळ उचलून तिच्याखाली शेरा लिहिता येतो. "आपण कर्नल लिहितो का?" एवढ्यावर विषय मिटवला गेला. कर्नल असो की पगाराची बॅच, ओळीवर बोलायचं तर ओळ डोळ्यांसमोर लागते.

हां, पेस्ट करताना मजकूर बिघडू शकतो. सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात, टॅबचे स्पेस होतात. पायथनच्या कोडमध्ये किंवा सेटिंग्जच्या यामल फाइलमध्ये इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, गेलं की सगळंच गेलं. म्हणून मोनोस्पेस चौकट द्या, जिच्यात प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं, आणि आलेला मजकूर जसाच्या तसा साठवा. मोठ्या लॉगला फाइलच लागते, तिकिटांच्या जिरा या सॉफ्टवेअरमधलं वर्णनसुद्धा डिफॉल्टने ३२,७६७ अक्षरांवर थांबतं. तेव्हा अख्खा लॉग फाइलमध्ये घ्या, पण एररच्या आसपासच्या ओळी चौकटीत सक्तीने मागा. फाइली ईमेलने येणार असतील तर बेस६४मुळे, म्हणजे फाइल साध्या अक्षरांत बदलून पाठवण्याच्या पद्धतीमुळे, आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, मर्यादा ठरवताना ते धरा. लॉगमध्ये पासवर्ड आणि टोकन, म्हणजे पासवर्डसारखेच गुप्त कोड, सापडतात, ते दोन्हीकडे झाकावे लागतील.

आणि तुमच्याकडे कोणी "लांब मजकूर बरा दिसत नाही" म्हणालं, तर पहिल्या वीसेक ओळी दाखवा, बाकीच्या क्लिक केल्यावर उघडू द्या. थोडक्या कोडचं काम आहे. मी ते करून दाखवायला तयार होतो, आमच्याकडे करू दिलं नाही.