शहरातल्या झाडांच्या देखभालीत करिअर करायचं असेल तर आधी कोर्स करावा की आधी झाडावर चढायला शिकावं?

तुम्ही लिहिलंय की वनस्पतिशास्त्राची पदवी झाली आहे, आर्बोरिकल्चरमध्ये, म्हणजे झाडांच्या देखभालीच्या क्षेत्रात, यायचं आहे, आणि घरचे म्हणतात आधी प्रमाणपत्र घे, दोर-करवतीचं नंतर बघू. ते 'नंतर बघू' वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी नेमका उलट्या बाजूने आलो. आधी दोर, पुस्तक फार नंतर. त्याची किंमत काही झाडांनी मोजली आहे.

मी एका ठेकेदाराच्या टोळीत लागलो तेव्हा आमचे मुकादम होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. झाडावर त्यांच्याइतका शांत चढणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. फांदी कापायचा त्यांचा नियम एकच होता: खोडाशी सपाट. कापल्यावर खोडावरून तळहात फिरवायचा, काहीही लागता कामा नये. मग वरून डांबर. खुंट ठेवणाऱ्याला ते कामचुकार म्हणायचे.

पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर एका रेन ट्रीच्या दोन फांद्या काढायच्या होत्या. खालची दादांनी स्वतः काढली, अगदी त्यांच्या पद्धतीने, आणि डांबर फासलं. वरची मला दिली. मी दोरावर अशा जागी लटकलो होतो की करवत खोडापर्यंत पोचेना. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, ज्याला आम्ही आता कॉलर म्हणतो, त्याच्या बाहेरच काप पडला. दादा खालून ओरडले, पुन्हा चढ आणि साफ कर. तेवढ्यात पाऊस आला, डांबरही राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या कामावर गेली. सगळ्यांसमोर मला ऐकावं लागलं की ही फांदी सडेल आणि झाड माझ्या नावाने मरेल. पुढे वर्षभर त्या रस्त्याने जाताना मी मान वर करत नसे.

झाड अकरा वर्षांनी गेलं, पण कापांमुळे नाही. बुंध्याच्या एका बाजूने पाइपलाइनचा चर खणला, मुळं तुटली, आणि पुढच्या वादळात ते कललं. पाडण्याचं काम माझ्याकडे आलं. झाडाची मुळं खोलवर, फांद्यांच्या घेराइतकीच असतात असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात पाणी-अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरभर मातीत असतात आणि घेराच्या बरीच बाहेर पसरतात. कमरेइतका चर झाडाचं काय करतो ते त्यावरून समजा.

पाडल्यावर मी त्या दोन्ही जखमांचे खोडाचे तुकडे बाजूला काढले आणि जखमेच्या मधोमध, उभे चिरले.

दादांचा काप उघडाच होता. दोन्ही कडांचं नवं लाकूड मेंढ्याच्या शिंगासारखं आत वळलेलं, तोंड मिटलेलंच नाही. डांबराचे पापुद्रे अजून चिकटलेले. आत तपकिरी, भुसभुशीत, बोट घातलं की चुरा हातात. ही सड वर-खाली हातभर गेली होती. पण तिच्या बाहेरच्या कडेला एक काळी रेघ होती, आणि त्या रेघेबाहेर नंतरच्या अकरा वर्षांत वाढलेलं लाकूड संपूर्ण स्वच्छ होतं. माझा काप, ज्याच्यासाठी मी शिव्या खाल्ल्या, तो वरून पूर्ण मिटला होता. आत फांदीच्या बुडाशी शंकूच्या आकाराचा डाग, आणि तो तिथेच थांबलेला.

तोवर मी ॲलेक्स शायगो वाचला होता. अमेरिकेच्या वन खात्यातला हा संशोधक हजारो झाडं चेनसॉने उभी चिरत बसला. 1977 साली त्याने सहकाऱ्याबरोबर मांडलं की झाड जखम बरी करत नाही, ती कोंडून टाकतं. चार भिंती घालतं. सड वर-खाली जाऊ नये म्हणून पहिली, ती सगळ्यांत कच्ची. गाभ्याकडे जाऊ नये म्हणून दुसरी, आडवी पसरू नये म्हणून तिसरी. चौथी भिंत जखमेनंतर कॅम्बियम, म्हणजे सालीखालचा वाढणारा थर, नव्याने बांधतो आणि ती सगळ्यांत पक्की. ती काळी रेघ म्हणजे ही चौथी भिंत. खोडाशी सपाट कापलं की फांदीच्या बुडातलं संरक्षणच आपण कापून टाकतो आणि खोडाचं लाकूड उघडं पडतं. डांबर-रंग लावून सड थांबत नाही, हेही त्यानेच दाखवलं. मी हे सगळं वाचलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी, गुडघ्यावर बसून भुसा झटकताना.

दोन्ही तुकडे घेऊन दादांच्या घरी गेलो. ते काम सोडून बसले होते. त्यांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "तुझी फांदी बारीक होती रे." एवढंच. मी शायगोचं सांगितलं, भिंतींचं सांगितलं. ते म्हणाले, कागद चिरून झाड कळत नाही. मी म्हटलं, दादा, कागद नाही, झाडच चिरून आणलंय. विषय तिथेच राहिला.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ज्याच्या हाताखाली शिकणार त्याला पहिल्या भेटीत विचारा, 'तुमचा दहा वर्षांपूर्वीचा काप दाखवाल का?' जो उठून दाखवायला नेईल त्याच्याकडे शिका. जो 'एवढ्या वर्षांत कोणाची तक्रार नाही' म्हणेल त्याला नमस्कार करून निघा, कारण झाड तक्रार करतं ते पंधरा वर्षांनी करतं आणि तोवर टोळी कुठे असते कोणाला माहीत. शेंडे छाटून झाड 'आटोक्यात' आणणाऱ्याकडे तर एक दिवसही थांबू नका. त्या कापांवरून फुटलेल्या फांद्या वरवरच्या थरातून येतात, धरून ठेवायला आत काही नसतं, आणि वाढल्या की त्याच माणसांच्या डोक्यावर येतात.

स्वतःची वहीही पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणतं झाड, कोणती फांदी, किती जाड, कुठे कापली, फोटो. दर वर्षी जाऊन बघा. मी ती दहा वर्षं उशिरा सुरू केली.

प्रमाणपत्राचं विचारलंत. 1924 साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं सर्टिफाइड आर्बोरिस्ट हे सगळ्यांत जास्त ओळखलं जातं. परीक्षेला बसायला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, संबंधित पदवी असेल तर तो कमी होतो. दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं. म्हणजे 'आधी प्रमाणपत्र' हा घरच्यांचा क्रम तसाही जमणारा नाही. ते घ्या, पण कामातून घ्या. तुमची पदवी वाया जाणार नाही. कॅम्बियम काय करतो हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, मला ते समजायला दशक गेलं.

चढणं सक्तीचं नाही. रोपण, माती, धोक्याची तपासणी, बांधकामाच्या जागी मुळं वाचवणं, यात जमिनीवरूनच आयुष्य काढणारे उत्तम लोक आहेत. तरी एक वर्ष चढा. दोन जोडखोडांच्या बेचक्यात साल दबलेली आहे की नाही, हे खालून दुर्बिणीने दिसतं तसं आणि हाताने कळतं तसं, यात फार फरक आहे.

आता दादांच्या बाजूचं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं, माझी फांदी बारीकच होती आणि बारीक जखम लवकर मिटते. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. मी शायगोला मानतो ते त्याने हजारो चिरली म्हणून. आणि मी आज धडधाकट आहे तो दादांमुळे. गाठ बांधली की जमिनीवरच पूर्ण वजन टाकून तपासायची. वर करवत चालू करायची तर दोन ठिकाणी बांधलेलं असायचं. खाली वर चढून सोडवू शकेल असा माणूस नसेल तर चढायचंच नाही, मग मालक कितीही घाई करो. हे कोणत्या पुस्तकाने मला शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं, तेही कानफटात मारून.

विजेच्या तारांजवळच्या झाडावर मात्र वेगळं प्रशिक्षण झाल्याशिवाय जाऊ नका. ओली फांदी तारेला टेकली की तीही वीज वाहते, आणि तिथे गाठ कितीही पक्की असली तरी उपयोग नसतो.